पाठ चौतिसावा : मृत्युपत्र

माझ्या घराण्याच्या ज्ञात इतिहासात स्थावर मालमत्तेचा वारस ठरलेला मी पहिला पुरुष. ज्ञात इतिहास आमच्याकडे आजोबांपासून सुरू होतो. ते हिंगणघाटला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत; त्यांच्या आधी कोण होतं आणि काय बांधत होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. तेव्हा हा मान मिळवताना मला फारशा स्पर्धेला तोंड द्यावं लागलं नाही. शिवाय वारसा आला तो आजोबांकडून नाही, वडिलांकडून नाही, कुठल्या निपुत्रिक काकांकडूनही नाही. तो आला बिबवेवाडीतल्या टायपिंगच्या क्लासच्या सरांकडून, आणि त्या क्लासात सगळ्यांत वाईट टायपिंग माझं होतं.

आम्ही मेश्राम. बाबा पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. बदली होऊन वर्ध्याहून पुण्याला आले आणि इथलेच झाले. खडकवासला भरलं की ते पाव किलो पेढे आणत आणि घरात असे वावरत, की जणू पाऊस त्यांच्याच टेबलावरून मंजूर होऊन गेला होता. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांची अपार श्रद्धा. आईने भाजी आणायला सांगितली तरी म्हणत, "चिठ्ठी दे." "अहो, दोन तर भाज्या आहेत." "दोनच आहेत, तर लिहायला कितीसा वेळ लागतो?" मला तेव्हा याचं हसू यायचं. ज्या घरात एका पिढीपूर्वी अंगठा उठवत होते, त्या घरातल्या पहिल्या पदवीधराला कागदाबद्दल असं वाटावं, यात हसण्यासारखं फारसं नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. आईच्या बोलण्यातला वऱ्हाड मात्र पुण्याच्या पाण्याने कधी धुतला गेला नाही. रविवारी ती पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा करायची. त्या फोडणीच्या ठसक्याने खालच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकू शिंकायच्या आणि जिन्यातून विचारायच्या, "आज काही विशेष?" आई वरून सांगायची, "नाही जी, रविवार हाय."

त्या दिवसांत देशाची दारं उघडल्याचं सगळ्यांना कळलं होतं. ती कोणत्या बाजूला आहेत, एवढंच कळत नव्हतं. चौकाचौकात कॉम्प्युटर क्लास निघाले होते. आत एसी असायचा, बाहेर चपलांचा ढीग असायचा, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून देवळासारखं अनवाणी आत जावं लागे. हडपसरकडे उसाच्या जागी काचेच्या इमारती येणार, तिथे हजारो माणसं लागणार, असं जो तो सांगे; ती माणसं आत बसून नेमकं काय करणार, हे कोणी सांगत नसे. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एकदा नापास होऊन पुन्हा बसलो होतो. मित्र अनवाणी कॉम्प्युटर शिकत होते. बाबा म्हणाले, "कॉम्प्युटर आज आहे, उद्या नसेल. टायपिंग कुठल्याही ऑफिसात लागतं." बाबांचं भाकीत असं एकदाच इतकं पूर्ण चुकलं; एरवी ते निम्मं तरी बरोबर यायचं.

परचुरे सरांचा क्लास म्हणजे पुढचा एक लांबट हॉल, त्यात एकवीस यंत्रं, आणि मागे पडद्याआड दोन खोल्या. त्या खोल्यांत सर आणि त्यांची धाकटी बहीण शरयूताई राहत. सरांनी लग्न केलं नव्हतं. ताईंचं झालं होतं, पण दोन वर्षांतच नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या त्या तिथेच राहिल्या. संध्याकाळी साडेपाचच्या बॅचला एकवीस यंत्रांचा एकदम खडखडाट सुरू व्हायचा, ओळ संपली की घंटी वाजायची, आणि मधूनच पडद्यामागून कुकरची शिट्टी. नवीन मुलं शिट्टीलाही ओळ बदलायची. सर सगळ्या विद्यार्थ्यांना 'अहो-जाहो' करत. त्यात आदर किती आणि अपमान किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला ते म्हणायचे, "मेश्राम, आपण यंत्रावर राग काढू नका. ते आपल्याला ओळखतही नाही." कॉम्प्युटरविषयी त्यांचं मत एका वाक्यात संपायचं: "त्यालाही बटणंच दाबावी लागतात ना?" ज्याचा कागद लाल पेन्सिलीने फुली मारून परत येई, त्याला ताई पडद्याआडून गूळपापडीची एक वडी देत. सरांना हे पसंत नव्हतं. त्यांच्या मते हे नापास होण्याला उत्तेजन होतं. त्या वर्षी माझं वजन चार किलो वाढलं.

सरांची एक पद्धत होती, आणि पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघाला. परीक्षेतल्या ठोकळेबाज मजकुरांवर त्यांचा विश्वास नव्हता. माणसाला बाहेर जे कागद करावे लागणार, तेच इथे केले पाहिजेत. म्हणून त्यांनी स्वतःचे पाठ तयार केले होते: भाडेचिठ्ठी, प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, नोटीस. आणि कागद टंकित करून संपत नाही, तो पुरा झाला पाहिजे, असं ते म्हणत. "सहीशिवायचा कागद म्हणजे रद्दी." त्यामुळे पाठ बिनचूक जमला की त्यावर जिथे जिथे सही हवी तिथे खरोखरची सही व्हायची. लिहून देणार म्हणून स्वतः सर सही करत, तारीख घालत, आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या दोन यंत्रांवरचे विद्यार्थी. मग सर तो कागद ज्याचा त्याला देत. तो घरी नेऊन दाखवायचा, म्हणजे फी वाया जात नाही हे घरच्यांना पटायचं. मी मात्र दाखवत नसे; कितव्या खेपेला जमला, हे बाबांनी विचारलं असतं.

चौतिसावा पाठ होता मृत्युपत्र. 'मी खाली सही करणार, परचुरे, राहणार बिबवेवाडी, पुणे, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की…' अशी सुरुवात. मग मालमत्तेचं वर्णन: पुढचा हॉल, मागच्या दोन खोल्या, एकवीस टंकलेखन यंत्रे. मग 'माझ्या पश्चात ही सर्व मिळकत' आणि मोकळी जागा. तिथे विद्यार्थ्याने आपलं नाव घालायचं. "स्वतःचं नाव तरी माणूस नीट लिहील," असं सरांचं म्हणणं. आणि शेवटी: 'यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.' माझ्या बॅचमधल्या बहुतेकांना हा पाठ दोन-तीन खेपांत जमला. त्या दोन महिन्यांत सर वीसेक जणांना आपलं सर्वस्व देऊन मोकळे झाले होते, आणि ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मला चौदा खेपा लागल्या.

चौदावा कागद मी दिला तेव्हा बॅच संपत आली होती. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. पुन्हा वरपासून वाचला. पेन्सिल ठेवली, पेन काढलं, सही केली. डावीकडच्या यंत्रावरची नंदा पाटील आणि उजवीकडे बढतीसाठी टायपिंग शिकणारे एक पोलीस शिपाई, यांच्या सह्या झाल्या. मी हात पुढे केला. सरांनी कागद मला दिला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेश्राम, हे आता तुमचं." आणि कागद त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवरमध्ये कागद ठेवताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी, सतरा नंबरच्या यंत्राला नवी रिबन घालताना ते खुर्चीतल्या खुर्चीत गेले.

तीनेक आठवड्यांनी बाबांच्या नावे चांदोरकर वकिलांचं पत्र आलं. बँकेचे कागद शोधताना ताईंना ड्रॉवरमध्ये मृत्युपत्र सापडलं होतं. बाबांनी ते पत्र तीनदा वाचलं: एकदा उभ्याने, एकदा बसून, एकदा आईला मोठ्याने. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वकिलांकडे गेलो. चांदोरकर चष्मा कपाळावर चढवून बोलणारे गृहस्थ होते. "कायद्याला साधा कागद चालतो, मेश्रामसाहेब. करणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. मी दोघांना विचारलं. शिपाई म्हणाले, सही माझीच. मुलगी म्हणाली, सही माझी, वाचलं नाही. वाचायची गरजही नसते." बाबांना त्यांच्या तेवीस वर्षांच्या नोकरीत कोणी 'साहेब' म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "पण ते मृत्युपत्र म्हणजे…" आणि बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. याआधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवतं ते जत्रेत, मी हरवू नये म्हणून. वाक्य तिथेच राहिलं.

ते पुढे तीन आठवडे राहिलं. मी खोटं बोललो असं मला वाटत नाही. कोणी मला काही विचारलंच नाही. पण खरी अडचण वेगळी होती. मला स्वतःलाच कळेना, की हा पाठ आहे की मृत्युपत्र. पाठ असेल, तर इतरांचा कागद इतरांना दिला आणि माझा ड्रॉवरमध्ये का ठेवला? मृत्युपत्र असेल, तर मी का? मी सकाळी उठताना वारस असे आणि दात घासून होईपर्यंत विद्यार्थी झालेला असे. 'हे आता तुमचं' हे वाक्य मी इतक्या स्वरांत मनात म्हणून पाहिलं, की शेवटी सरांचा मूळ स्वरच विसरलो.

बाबांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. लिहिलेलं होतं. मी बी. कॉम.चं दुसरं वर्ष पुन्हा करतोय हा विषय जेवताना निघेनासा झाला. ते मला "तुझं मत काय?" असं विचारू लागले: पंख्याबद्दल, दिल्लीतल्या सरकारबद्दल, आणि एकदा तर कांद्याबद्दल. त्यांनी एका पेंटरला 'मेश्राम कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट' असा बोर्ड सांगून टाकला. देशपांडेकाकूंनी बाबांना आणि मला जिन्यात गाठलं. "परचुऱ्यांची जागा तुम्हाला मिळाली म्हणे? म्हणजे तुम्ही त्यांचे कोण?" "अविनाश विद्यार्थी होता त्यांचा." "अस्सं. विद्यार्थी तर आमचा मिलिंदही होता." एक पायरी उतरून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "आणि आडनाव तुमचं मेश्राम." आमचं आडनाव त्यांना नऊ वर्षं माहीत होतं. बाबा शांतपणे म्हणाले, "हो. कागदावरही तेच आहे." इतक्या चांगल्या वाक्यासाठी त्यांनी किती वर्षं वाट पाहिली असेल, असं मला वाटलं, आणि हेच वाक्य मला त्यांना परत घ्यायला लावावं लागणार, असंही.

त्याच सुमारास आमचा केबलवाला एक विनोदी सिनेमा सारखा दाखवत होता. हॉटेलात ताटं उचलणारा एक पोऱ्या अचानक एका संस्थानाचा वारस निघतो. दंडावरच्या डागावरून त्याला ओळखतात. मग तो राजवाड्यात चमच्यांचा घोळ घालतो आणि दिवाणाची मिशी जाळतो. विनोदाचा तिटकारा असलेल्या बाबांनी तो सिनेमा दोनदा लक्षपूर्वक पाहिला. ते एकदाही हसले नाहीत. वारसाने कसं वागू नये याची ते नोंद घेत असावेत. आई लसूण सोलता सोलता म्हणाली, "त्याले राज्य भेटलं, चांगलं झालं. पन आधी त्या राज्यात राहत होते, ते लोक कोठी गेले?" सिनेमात ते दाखवलं नव्हतं.

ते लोक कुठे गेले हे मला त्या शनिवारी दिसलं. बाबांनी मला हॉल मोजायला टेप देऊन पाठवलं होतं. क्लासात एकवीस यंत्रं कव्हरं घालून बसली होती. इतकी शांतता होती की पडद्यामागे पोळी लाटल्याचा आवाज येत होता. ताई बाहेर आल्या, हात पदराला पुसले, गूळपापडीचा डबा पुढे केला. मी वडी घेतली. मग त्या म्हणाल्या, "अविनाश, एक विचारू? दिवाळीपर्यंत गॅस इथेच राहू दिला तर चालेल ना? नाशिकला चुलत जाऊ आहे, तिला पत्र टाकलंय. उत्तर आलं की हलते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. परवानगी होती, म्हणजे मागितलेली. साठ वर्षांच्या बाईने, तिच्याच स्वयंपाकघराची, माझ्याकडे. "ताई, तुम्हाला याचं वाईट वाटलं नाही?" मी विचारलं. "दादाने दिलंय ना? काहीतरी पाहिलं असेल त्याने तुझ्यात. मला कधी दिसलं नाही, पण त्याची नजर तयार होती." मी टेप न उघडता घरी आलो.

आई एकटीच होती. मी तिला सगळं सांगितलं: पाठ, सह्या, ड्रॉवर. तिने ऐकून घेतलं. "मंग सांगून टाक ना बाप्पा. काहून गप आहेस?" "बाबा…" एवढंच मी म्हणालो. "तुह्या बाबाले सांगायचं तर तोंडी नाही चालत," ती म्हणाली, आणि उठून मांडणीवरचे डबे खाली उतरवू लागली. डाळीच्या डब्याखाली, तिखटाच्या बरणीखाली, पोह्यांच्या, साखरेच्या, प्रत्येकाखाली एकेक कागद होता. चांगला जाड कागद रद्दीत कशाला घालायचा म्हणून तिने तो मांडणीला अंथरला होता. माझी बिघडलेली तेरा मृत्युपत्रं. काहींवर तेलाची कडी उमटली होती, पण सरांची लाल पेन्सिल सगळ्यांवर स्पष्ट होती.

सोमवारी चांदोरकरांच्या टेबलावर मी ते तेरा कागद क्रमाने मांडले. शेजारी चौदावा. ताईंना बोलावून घेतलं होतं. बाबा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांना फक्त "चला" म्हणालो होतो. मी सगळं सांगितलं. वकिलांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"या तिसऱ्या प्रतीत एका ओळीवर दुसरी ओळ आहे."

"हो. रोलर सरकवायचा राहिला."

"सहाव्यात वारसाचं नावच नाही."

"वेग वाढवायला गेलो."

"नवव्यात यंत्रं बारा आहेत." त्यांनी समासातली लाल अक्षरं वाचली, "'माझी नऊ यंत्रे कुठे गेली?'"

ताई खुदकन हसल्या. मग त्यांनी तो कागद हातात घेतला, त्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि पदर तोंडाला लावला. "दादा असाच," त्या म्हणाल्या. "हा मी ठेवू का रे?"

चांदोरकर म्हणाले, "हे सगळं प्रतिज्ञापत्रावर यावं लागेल. एक मजकूर बिनचूक टंकित करायला तुम्हाला चौदा खेपा लागल्या, आणि म्हणून हा कागद सरावाचा आहे, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. तयारी आहे?"

"आहे. मी टाइप करून आणू?"

"नको," ते घाईने म्हणाले, "माझ्याकडे माणूस आहे."

सही करताना मी दाराकडे पाहिलं नाही. परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. स्वारगेट गेलं. पुढे कुठेतरी सिग्नलला बस थांबली, तेव्हा बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "चौदा?"

"हो."

"आणि चौदाव्यात एकही चूक नाही?"

"नाही."

"मग मधे सोडून का नाही दिलंस?"

"तुम्ही फी भरली होती."

"हं," बाबा म्हणाले. उतरताना गर्दी होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि रस्ता ओलांडून झाल्यावर काढला.

मला वाटलं होतं, बोर्डाबरोबर माझी पतही कपाटामागे जाईल. बोर्ड गेला. पण बाबांनी सोसायटीत घटना वेगळ्या शब्दांत सांगितली. पाठ, पेन्सिल, डाळीचे डबे यांतलं काहीच त्यात नव्हतं. मुलाने एका वृद्ध बाईसाठी बिबवेवाडीतल्या मिळकतीवरचा हक्क स्वेच्छेने सोडला, एवढंच होतं, आणि त्याला प्रतिज्ञापत्राची प्रत जोडलेली होती. प्रत कोणी शेवटपर्यंत वाचली नाही. सोसायटीच्या स्नेहसंमेलनात चेअरमननी मला शाल आणि नारळ दिला. 'त्याग' हा शब्द सात वेळा आला. या चंगळवादाच्या काळात, असं म्हणून ते थांबले, कारण त्यांच्या खिशातला नवा पेजर वाजला. देशपांडेकाकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "आमच्या मिलिंदला नसतं सुचलं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याविषयी काढलेला हा पहिला आणि शेवटचा चांगला उद्गार.

पुढे मी अनवाणी कॉम्प्युटर शिकलो आणि हडपसरच्या एका कंपनीत चोवीस वर्षं काढली. तिथे चुकलेलं अक्षर मागे जाऊन पुसता येतं आणि कोणालाही कळत नाही, म्हणून नोकरी टिकली. शरयूताई शेवटपर्यंत त्याच खोल्यांत राहिल्या. आता मी पन्नाशीला आलो आहे आणि अजूनही अधूनमधून विचार करतो, की त्या संध्याकाळी त्यांना काय म्हणायचं होतं. पाठ जमला, एवढंच? की चौदा वेळा तेच लिहिणाऱ्या माणसाला खरंच काही द्यावंसं वाटलं? मी ही गोष्ट सांगितली की लोक गंभीर होतात आणि म्हणतात, त्यांनी तुम्हालाच निवडलं होतं.

शाल-नारळाच्या पुढच्या आठवड्यात चांदोरकर वकील जागा ताईंच्या नावावर करायला वॉर्ड ऑफिसात गेले. परचुरे सर तिथे अठ्ठावीस वर्षं भाड्याने राहत होते.